बत्ताशीनं काय खाल्लं होतं?

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या बाजारात मटार आले की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. सिहोऱ्याकडून गाड्या भरभरून येतात, फुटपाथवर हिरवे ढीग लागतात, आणि मटारवाला ओरडून सांगतो, "अम्माजी, ले जाओ, शक्कर है शक्कर." मी घेते. गच्चीवर उन्हात बसून सोलते. एका पातेल्यात दाणे, एका टोपल्यात टरफलं. इथवर सगळं ठीक असतं. टोपलं भरलं की मी ते उचलून उभी राहते आणि कुठे जायचं तेच मला कळत नाही. कचऱ्याची गाडी पुढच्या दाराशी येते हे मला पक्कं ठाऊक आहे, पण पाय मागच्या दाराकडे वळतात. आणि या घराला तर मागचं दारच नाही.

परवा नातीचा फोन आला. ती बेंगळुरूला असते आणि रविवारी घोडेस्वारी शिकायला जाते. आमच्या घराण्यात घोडा परत आला तो असा, महिन्याच्या फीवर. ती सांगत होती, "आजी, आमच्या इथे ना सगळं नॅचरल आहे. घोड्याला दवाई कम. उसको खुला छोड़ते हैं, थोडं थोडं गवत दिवसभर, रोज हाताने मालिश, आणि त्याचा मूड बघायचा आधी. याला होलिस्टिक म्हणतात."

मी म्हटलं, "आम्ही याला मामाजी म्हणायचो."

ती हसली. तिला वाटलं आजी थट्टा करते आहे.

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या नागपूरकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी जबलपूरला कांचघरच्या घरात आले तेव्हा त्या घरात तीन जीव होते. मामाजी, हे, आणि बत्ताशी नावाची पांढरी घोडी. सासूबाई आधीच गेलेल्या. हे लष्करी सामानाच्या फॅक्टरीत. मामाजींनी उभी उमर फौजेच्या घोड्या-खेचरांमागे घातलेली आणि निवृत्तीनंतर स्वतःचा टांगा केलेला. आमच्या गल्लीत अकरा घरं मराठी होती आणि जवळजवळ प्रत्येक घरातला पुरुष फॅक्टरीत जायचा. सकाळी दोन खेपा करून मामाजी त्यांना गेटवर सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. परकं गिऱ्हाईक टांग्यात बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर मी घोड्याला घाबरत होते. आमच्या माहेरी मांजरसुद्धा नव्हतं. मामाजी पहाटे उठून आधी देवाला नव्हे, बत्ताशीच्या लिदीला बघायचे. काडीनं ती फोडून, वास घेऊन, मान डोलवायचे, तेव्हा कुठे चहाला यायचे. मी नाकाला पदर लावायची. मग तिचे कान हातात धरून बघायचे, गार आहेत की ऊन. पोटाला स्वतःचा कान लावून ऐकायचे. "बोलून राहिलं," म्हणायचे, म्हणजे आतडी गुडगुडताहेत, सगळं ठीक. दाण्याआधी पाणी, दाण्यानंतर नाही. चणे भिजवलेले, तेही मूठभर, बाकी दिवसभर दूब, म्हणजे आपली हरळी, आणि कडबा, थोडं थोडं. खोगिराच्या पट्ट्यानं कातडी सोलली तर हळद आणि तेल, माश्या बसल्या तर कडुनिंबाचं पाणी, खुरांना आळशीचं तेल. कामावरून आली की घाम सुकेपर्यंत तिला हातानं धरून चालवायचं, गवताची जुडी वळून तिनं अंग घासायचं आणि मग अंगणातल्या धुळीत लोळू द्यायचं. एवढी घासूनपुसून स्वच्छ केलेली घोडी धुळीत का लोळवायची, हे कोडं मला पहिले दोन महिने सुटलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तू आंघोळ करून पावडर लावत नाहीस का?"

औषधाची बाटली त्या घरात नव्हती. माणसांसाठीही नव्हती. मला सर्दी झाली तेव्हा त्यांनी माझ्या हातावर ओवा-गुळाची गोळी ठेवली आणि तशीच एक बत्ताशीपुढे धरली. तिला काहीच झालं नव्हतं. बहुतेक माझी सोबत म्हणून.

आणि एक नियम होता. बत्ताशीला खायला घालणारा हात एकच. त्यांचा. "दहा हातांनी खाल्लं तर पोटात काय गेलं ते कोनाले समजन?" असं ते गल्लीतल्या पोरासोरांनाही सांगत. कुणी गूळ घेऊन आलं तरी तो आधी मामाजींच्या हातात द्यायचा, मग त्यांनी तिला द्यायचा. माझ्यासाठी वेगळा नियम नव्हता. मी सून होते, हात नव्हते.

मग लढाई लागली. आता नातीला ते दिवस सांगायचे म्हणजे मला क्रम लागत नाही. आधी काय झालं, खिडक्यांच्या काचांना ब्लॅकआउटचे काळे कागद चिकटवले ते, की फॅक्टरीत बारा बारा तासांची ड्यूटी लागली ते? रेडिओ तर दिवसभर चालूच असायचा. हे घरी यायचे ते अंगाला ग्रीसचा वास घेऊन, दोन घास खाऊन बसल्या जागी झोपायचे. माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे शब्द उरत नसत. नव्या लग्नाचं माणूस मी, मला वाटायचं माझंच काही चुकलं असेल.

त्यातच एक दिवस वॉर्डन म्हणून नेमलेले गृहस्थ आले आणि म्हणाले, "आपकी घोडी सफेद है. ऊपर से दिखेगी."  मामाजी "अच्छा" म्हणून आत गेले, काळी माती कालवून आणली आणि बत्ताशीला नाकापासून शेपटीपर्यंत लेप दिला. वॉर्डन खूश होऊन गेले. मामाजी मला म्हणाले, "हिवाळ्यात पंधरवड्यातून एकदा मी हे करतोच. कातडी चांगली राहते." त्या दिवसांत सगळेच घाबरलेले होते. हा एक माणूस आपल्या नेमानं जगत होता आणि तो नेम देशाच्या नेमाशी परस्पर जुळून जात होता. मला त्यांचा आधार वाटायचा. मी ते बोलले मात्र नाही कधी.

त्याच हिवाळ्यात मटारांचा पूर आला. रेल्वेचे डबे म्हणे सगळे लढाईच्या मालाला लागलेले. जो मटार नागपूरला आणि त्याही पुढे जायचा तो इथेच अडकला. बाजारात ढीग, गल्लीत हातगाड्या, घराघरांत पोती. आम्ही मटाराची उसळ खाल्ली, भात खाल्ला, करंज्या, पराठे, वड्या, सगळं खाल्लं. नवरे कामावर गेले की अकरा घरांच्या अकरा बायका अंगणात ऊन धरून बसायच्या आणि सोलायच्या. हात हिरवे झाले होते आमचे.

नऊ वाजता मामाजी गेटवरून परतायचे, बत्ताशीला सोडून मागच्या अंगणात बांधायचे आणि विळा घेऊन दूब कापायला जायचे. बारापर्यंत घरात मी आणि ती. एक दिवस मी टरफलांचं टोपलं घेऊन मागच्या दारातून निघाले होते, उकिरड्यावर टाकायला. बत्ताशीनं मान लांब करून नाक फुरफुरवलं. मी एक टरफल पुढे केलं. तिचा ओठ माझ्या तळहातावर फिरला, ऊन, मऊ, इतका हलका की मला एकदम रडू आलं. त्या घरात मला पाहून कुणाला तरी आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी दोन मुठी दिल्या. मग रोज. मग ती माझ्या पायांचा आवाज ओळखायला लागली.

नियम मला ठाऊक होता. अगदी नीट ठाऊक होता. पण टरफलं ती काय, असं मी मनाला सांगायची. हिरवा पालाच तर आहे.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे त्या दिवशी गल्लीत मटाराचा अख्खा हातगाडा रिकामा झाला होता. मी टोपलंभर टरफलं बत्ताशीपुढे ओतली आणि आत जाऊन पोळ्या करायला लागले. बाराला मामाजी भारा घेऊन आले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण मी तवा उतरवून बाहेर गेले.

बत्ताशी पुढच्या पायानं जमीन खरवडत होती. वळून वळून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. मातीचा लेप घामानं ओला होऊन गळत होता. ती खाली बसायला लागली तशी मामाजींनी दोरी ओढून तिला उठवलं आणि पोटाला कान लावला. एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बोलून नाही राहिलं," ते म्हणाले. "सूनबाई, तिनं काय खाल्लं?"

मी म्हटलं, "काही नाही."

हे दोन शब्द माझ्या तोंडून कसे आले हे मला आजवर कळलेलं नाही. मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. खरं बोलायचंही ठरवलं नव्हतं. शब्द आले आणि मामाजींनी ते खरे मानले. ते चणे हुंगायला गेले, कडबा उलटापालटा केला, दुबेचा आदला भारा सोडून एक एक काडी पाहिली. मी दारात उभी. माझ्या नखांत मटाराचा हिरवा रंग होता आणि मी हात पदरात गुंडाळले होते.

पुढचे पाच तास त्यांनी तिला चालवलं. अंगणातून मागच्या बोळात, बोळातून परत. ती आडवी होऊन लोळली तर आतडीला पीळ पडतो आणि मग सगळं संपतं, एवढं त्यांनी मला सांगितलं. दमले की दोरी माझ्या हातात. हिंग, ओवा, काळं मीठ गरम पाण्यात उकळून ते बांबूच्या नळीतून तिच्या घशात ओतलं. पोटावर गवताच्या जुडीनं चोळलं. तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटत राहिले. तरी ती पोटाकडे बघायची आणि कण्हायची.

चारला गल्लीतल्या पेंढारकर काकू जनावरांच्या डॉक्टरला घेऊन आल्या. मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा नको म्हटलं नाही. डॉक्टरनंही तेच विचारलं, "क्या खाया इसने?" मामाजी म्हणाले, "कुछ नहीं. मेरे हाथ के सिवा कुछ खाती नहीं है ये." केवढ्या खात्रीनं म्हणाले. मी आणि काकू दोघींनी खाली पाहिलं. काकूंनी खाली का पाहिलं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. डॉक्टरनं सुई टोचली, तेल पाजलं आणि चालवत राहा म्हणून गेला.

सूर्य कलता कलता बत्ताशी थांबली, शेपूट उचलली, आणि एवढा मोठा वारा सरला की बोळातलं कुत्रं उठून पळालं. मागोमाग लीद. मामाजी खाली बसले, काडी न घेता हातानंच ती फोडली आणि तोंड फिरवून रडले. अंधार पडल्यावर फॅक्टरीचे लोक पायी चालत घरी आले. अकरा घरांतली माणसं ती लीद बघायला आमच्या अंगणात गोळा झाली. रेडिओवर कुठल्यातरी मोठ्या बातमीची गडबड चालली होती. तिकडे त्या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकू मला विहिरीपाशी गाठून हळूच म्हणाल्या, "सांगू नको हं कोणाला. मी टरफलं टाकत होते तिला, भिंतीवरून. आमच्या यांना रोज नेते-आणते बिचारी, म्हटलं आपण काहून तिला काही देऊ नये?" आठ दिवसांत आणखी चौघींनी मला हेच सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं की टरफलं देणारी आपण एकटीच. बोळाच्या बाजूची भिंत कमरेइतकी, आणि बत्ताशीची मान लांब. लढाईचे दिवस होते, नवरे बारा तास लोखंडाशी झुंजत होते, त्यांना सुखरूप घरी आणणारी ही एकच होती. तिचं ऋण कुठेतरी फेडायचं म्हणून जो तो भिंतीवरून फेडत होता. आणि प्रत्येकीनं मलाच सांगितलं, मामाजींना नाही. माझं तर मी कुणालाच सांगितलं नाही.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. निदान काकूंचं नाव घ्यायला हवं होतं. पण मग मामाजींनी मला विचारलं असतं, आणि तू? आणि तशीही मला खात्री कुठे होती? सहा टोपल्यांतलं कुठलं टोपलं जास्त झालं? पाच घरांचं तिनं पचवलं असेल आणि माझ्या टोपल्यानं घात झाला असेल. किंवा उलट. ओव्यानं वाचली की सुईनं, की नुसतं चालवल्यानं, की तिचं आयुष्यच होतं म्हणून? या सगळ्याचा मी इतक्या वेळा हिशेब मांडला आहे, उत्तर दर वेळी वेगळं येतं.

मामाजींचा हिशेब मात्र एकदाच झाला. पंधरा दिवस ते शोधत राहिले. दाणा बदलला, पाण्याची बादली बदलली, दूब कापायची जागा बदलली. मग एका सकाळी चहा घेताना यांना म्हणाले, "माझा हात गेला आता. जनावर माझ्याच हातचं खाऊन मरायले टेकलं आन् मले उमजलं नाही काय झालं ते. असा मानूस घोडी ठेवत नसतो."

"बाबा, होतं असं कधी कधी," हे म्हणाले.

"मले नाही होत," मामाजी म्हणाले.

मी चहाच्या पातेल्याशी उभी होते. गाळणं हातात. तोंड उघडलं की सगळं सांगून होईल इतकं ते जवळ होतं. मी चहा गाळला.

सिहोऱ्याला त्यांच्या ओळखीचा एक शेतकरी होता. तो येऊन बत्ताशीला घेऊन गेला. तिथे कुरण आहे, सोबतीला दोन घोड्या आहेत, टांगा ओढायचा नाही, असं मामाजी सगळ्यांना सांगत राहिले. ती पुष्कळ वर्षं जगली असंही कळलं. मामाजी तिला बघायला एकदाही गेले नाहीत. सिहोऱ्याची बस रोज होती. गल्लीतल्या पुरुषांनी सायकली घेतल्या. मामाजी पहाटे उठायचे ते उठायचेच, अंगणात जाऊन रिकाम्या खुंट्यापाशी उभे राहायचे आणि चहाला यायचे. मान डोलवायचे नाहीत.

आठ वर्षं गेली. मला मुलगा झाला, मुलगी झाली. मामाजी थकले, पण कान शेवटपर्यंत शाबूत होते. त्यांचा शेवटचा हिवाळा होता, तो शेवटचा आहे हे अर्थात आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघं अंगणात उन्हात बसलो होतो आणि मी मटार सोलत होते. तेही हात चाळा म्हणून चार शेंगा सोलायला लागले. त्यांची बोटं आडवीतिडवी चालत होती, दाणे उडून लांब पडत होते. ते पाहून मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "मामाजी, बत्ताशीला त्या दिवशी मी टरफलं दिली होती. टोपलंभर. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी हातातली शेंग सोलून संपवली.

"मीबी देल्ले होते," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"त्याच दिवशी. लय आवडायचे तिले." आणि त्यांनी दुसरी शेंग घेतली.

मी हातातली टरफलं टोपल्यात टाकली. नंतर एकेक सुचत गेलं. ते खोटं बोलले असणार. आमच्या घरात येणारा एक एक मटार माझ्या नखांखालून जात होता, मग मामाजींकडे टरफलं आली कुठून? आठ वर्षं मी ओझं वाहिलं हे त्यांना दिसलं असेल आणि त्यांनी अर्धं उचललं असेल. तसे होते ते. पण मग वाटतं, गेटवरून परतताना वाटेत बाजार लागायचा, भाजीवाले खराब शेंगांचे ढीग बाजूला काढून ठेवायचे. नियम करणाऱ्यानंच नियम मोडला म्हणून तर त्यांनी घोडी दिली नसेल? हात गेला म्हणाले ते याच अर्थानं? मग त्यांनी पंधरा दिवस शोधलं ते काय? विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, आणि फाल्गुनात ते गेले.

मी एवढंच पाहिलं. त्या दिवशी शेंगा संपल्या तसं मी दाण्यांचं पातेलं घेऊन उठले. मामाजी माझ्या आधी उठले होते. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी टरफलांचं टोपलं उचललं, आणि न थबकता, न बघता, सरळ मागच्या दाराकडे गेले. उंबरठ्यापाशी त्यांचा हात आपोआप टोपल्यात गेला आणि मूठ भरून बाहेर आला. खुंटा रिकामा होता. मूठ तशीच धरून ते कितीतरी वेळ तिथे उभे राहिले. टरफलं घेऊन मागच्या दाराशी जायची सवय त्या घरात फक्त माझी आहे, असं मी तोवर समजत होते.